घाटानं खरं सांगावं

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात घाटरस्त्यांच्या कडेला दर किलोमीटरला गुडघ्याएवढा एक दगड असतो. अंग पांढरं, डोकं पिवळं. खिंडीचं नाव, माथ्याला किती किलोमीटर उरले, आत्ता तुम्ही समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहात आणि पुढच्या किलोमीटरला सरासरी किती टक्के चढ आहे, एवढं त्यावर लिहिलेलं. मोटारीत बसलेल्याला तो वाचताही येत नाही. नजर जाईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. ताशी सात-आठ किलोमीटरनं, मान खाली घालून चढणाऱ्या सायकलवाल्यासाठी तो रोवला आहे.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. काही वर्षांपूर्वीच्या जुलैत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आमच्या क्लबातल्या सात जणांबरोबर मी ‘ल मार्मोत’ करायला गेले होते. वाटेतले ते दगड मी एकही न चुकवता वाचले. परत आल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, किती तास लागले, पदक मिळालं का, बायकांमध्ये कितवी आलीस. मला मात्र त्या दगडांबद्दल सांगायचं असतं, आणि ते ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे.

मार्मोत म्हणजे त्या डोंगरांत बिळं करून राहणारा, शीळ घातल्यासारखा ओरडणारा, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. त्याच्या नावानं १९८२ पासून ही सायकलफेरी भरते. ज्याची तयारी आहे आणि ज्यानं नाव नोंदवलं आहे त्या कुणालाही तिच्यात उतरता येतं. हजारो लोक उतरतात. ले बूर द्वाझाँ या सातशे मीटर उंचीवरच्या गावातून निघायचं, ग्लांदाँ, तेलेग्राफ आणि गालिबिए या तीन खिंडी ओलांडायच्या, पुन्हा त्याच गावात उतरायचं आणि मग आल्प द्युएझचा चढ चढून संपवायचं. अंतर सुमारे १७४ किलोमीटर. ते अंतर पुण्याच्या कुठल्याही बऱ्या सायकलवाल्याला घाबरवणार नाही. घाबरवते ती चढाई: एका दिवसात ५००० मीटर.

हा आकडा डोक्यात बसायला मला सिंहगड लागला. गोळेवाडीच्या वनखात्याच्या नाक्यापासून वरच्या गाडीतळापर्यंत नऊएक किलोमीटर रस्ता आहे आणि चढाई साधारण सहाशे मीटर. म्हणजे सकाळी सिंहगड चढायला लागायचं आणि आठ वेळा चढून झाल्यावर घरी जायचं. वरून फरक हवेचा. गालिबिए खिंड २६४२ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. तिथे दर श्वासात समुद्रकाठच्या मानानं तीन चतुर्थांशच प्राणवायू मिळतो. ही तयारी सह्याद्रीत करता येत नाही. पायांची मात्र करता येते.

आमचा क्लब म्हणजे रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडला कर्वे पुतळ्यापाशी जमणारी पंचवीस-तीस माणसं. पाटी नाही, कार्यालय नाही. एक दंतवैद्य आहे, आयटीतले पाच-सहा जण आहेत, दोघी गृहिणी आहेत आणि एक निवृत्त पोस्टमन आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. जाऊ या असं ठरलं तेव्हा माणशी अडीच लाखांच्या आसपास खर्च निघाला. माझी ती दोन वर्षांची बचत होती. काकांचं तिकीट त्यांच्या मुलानं काढून दिलं.

डिसेंबरपासून दर शनिवारी सिंहगड सुरू केला. आधी एकदा, मग दोनदा, फेब्रुवारीत तीनदा, एप्रिलातल्या एका शनिवारी पाचदा. वर पोचलं की मडक्यातलं दही खायचं आणि परत खाली. उतरताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की जो रस्ता मी इतक्या वेळा चढले, त्याबद्दल मला आकड्यात काहीही माहीत नाही. कुठलं वळण किती टक्क्यांचं, अर्धं कुठे होतं, सगळ्यात वाईट तुकडा किती लांबीचा, यातलं काही नाही. पाय सांगतील ते खरं. आपल्या घाटांत पाट्या आहेत की. ‘घाट सुरू’ आणि ‘घाट संपला’ आहे. ‘अति घाई संकटात नेई’ तर आहेच. पण घाटात आपण कुठे आहोत आणि पुढे काय वाढून ठेवलं आहे, हे सांगणारी पाटी मी पसरणीत पाहिली नाही, वरंध्यात पाहिली नाही, आंबेनळीतही नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवायची आपली केवढी जुनी रीत! तो राजा किती टक्क्यांचा चढ चढला, हे त्या घाटात कुठेही लिहिलेलं नाही.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सायकलच्या दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत सायकली भरल्या, पेडलं काढली, हँडल वळवून फ्रेमला बांधलं. पोचल्यावर एका खोक्यातल्या सायकलचा मागचा हँगर वाकलेला निघाला. गावातल्या दुकानदारानं दुकान बंद करायच्या वेळेला तो सरळ करून दिला. सामानात राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ लावून सुकवलेला आवळा होता. शेवटी आवळ्यानंच तारलं. गोड खाऊन खाऊन जीभ बंड करते तेव्हा आवळ्यासारखं काही नाही.

फेरीच्या दोन दिवस आधी पाय मोकळे करायला आम्ही ग्लांदाँच्या वाटेवर थोडं चढून आलो. नेहमीची वाहतूक चालू होती. इथे मला काकांबद्दल आधीचं थोडं सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी पसरणी घाटात, वाईहून पाचगणीला चढताना, मागून आलेल्या एका टेम्पोनं वळणावरच काकांना ओलांडलं. समोरून गाडी आली म्हणून तो डावीकडे दाबत आला. काका गटारात गेले आणि हासळीचं हाड मोडलं. टेम्पो थांबला नाही. मी वीस मीटर मागे होते. हाडात पट्टी बसवावी लागली. त्यानंतर सहा महिने काका सायकलवर बसले की मागून आलेल्या प्रत्येक आवाजाला त्यांचे खांदे वर जायचे, हे मी मागून पाहत असे.

ग्लांदाँच्या त्या रस्त्यावर आमच्या मागे लाकडाचे ओंडके भरलेला एक ट्रक आला. रस्ता अरुंद, दोन वळणं लागोपाठ. तो मागे राहिला. हॉर्न नाही, इंजिन गुरगुरवणं नाही. दोन वळणं पार झाली, पुढचा सरळ तुकडा दिसला, तेव्हा तो पलीकडच्या बाजूला पूर्ण सरकून, आमच्यात आणि त्याच्यात एका माणसाच्या उंचीएवढं अंतर ठेवून पुढे गेला. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडायचं, असा कायदाच आहे. काका पुढे जाऊन थांबले आणि म्हणाले, “ताई, हा इतका वेळ मागे होता? मला कळलंच नाही.”

फेरीच्या दिवशी पहिला गट सातला सुटला. आमचे क्रमांक मागचे. आम्ही निघेपर्यंत आठ वाजत आले. ग्लांदाँचा चढ लांब आणि फसवा आहे. मध्येच रस्ता खाली उतरतो, कमावलेली उंची हातची जाते आणि पुन्हा चढ लागतो. पलीकडचा उतार इतका धोक्याचा मानतात की त्या उतारावरचा वेळ मोजणीत धरत नाहीत. माणसांनी घाई करू नये म्हणून घड्याळच थांबवायचं, ही कल्पना मला फार आवडली. आमच्याकडे ‘सावकाश जा’ अशी पाटी लावतात. इथे सावकाश गेल्यानं काही बुडणार नाही अशी सोय केली होती. मी ब्रेकवर बोटं ठेवून निवांत उतरले.

खालच्या मोरिएन दरीत सांगण्यासारखं फारसं नाही: महामार्ग, अल्युमिनियमचा कारखाना, समोरून वारा, डोक्यावर ऊन. एकटीनं वारा अंगावर घेऊ नये म्हणून अनोळखी डच माणसांच्या एका घोळक्याच्या मागे लागले. त्यांनी मला मध्ये घेतलं. मग तेलेग्राफ. तारायंत्र येण्याच्या आधीच्या काळात मनोऱ्यावरच्या हलत्या दांड्यांच्या खुणांनी निरोप पाठवायची एक यंत्रणा फ्रान्समध्ये होती. तिचा एक मनोरा या डोंगरावर होता, त्यावरून खिंडीचं नाव पडलं. बारा किलोमीटर, सरासरी सात टक्के. इथून माझे दगड सुरू झाले.

गणिताच्या माणसाला हे नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सायकलच्या सगळ्यात हलक्या गिअरला पुढे ३४ दाते आणि मागेही ३४. म्हणजे पेडलचा एक फेरा झाला की चाकाचाही एकच. चाकाचा घेर २.१ मीटर. एक किलोमीटर चढायला साधारण पावणेपाचशे फेरे लागतात. आणि चढ आठ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. दगडावर ९ दिसला की मी त्या किलोमीटरात काही खायचं नाही, पाणीही घोट-घोटच, श्वास राखायचा. ६ दिसला की लाडू तोंडात टाकायचा आणि पाठ सरळ करायची. दगडावर ८, त्यापुढे पुन्हा ८ आला तर मनाची तयारी आधीच व्हायची. माझ्यात ताकद किती होती ते मला ठाऊक आहे; फार नव्हती. ती कुठे खर्च करायची हे मात्र मला दर किलोमीटरला आगाऊ कळत होतं.

तेलेग्राफ उतरलं की व्हालोआर गाव लागतं. तिथून गालिबिएचा माथा सुमारे अठरा किलोमीटर. पहिले दहा दरीतून, ओढ्याच्या काठानं, डोंगर दोन्ही बाजूंना दूर. मग प्लान लाशा नावाच्या जागी रस्ता ओढा ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि समोरच्या भिंतीसारख्या डोंगरावर चढायला लागतो. झाडं केव्हाच संपलेली असतात. वर पाहिलं तर आपल्याआधी गेलेली माणसं मुंग्यांसारखी रांगेत दिसतात, आणि त्यांच्याही वर आणखी एक रांग. दगडावर लिहिलं होतं: माथा ८ किलोमीटर. मी आजवर इतकं लांब आणि इतकं उंच काहीही चढले नव्हते. कडेला जुलैतही मळकट बर्फाचे ढीग होते. कुठूनतरी शीळ ऐकू आली, खरीखुरी मार्मोतची. मी वर पाहणं सोडून दिलं. पुढच्या दगडापर्यंत पावणेपाचशे फेरे, बस. तो आला की पुढचे पावणेपाचशे. माथ्याआधी एक बोगदा आहे. सायकलवाल्यांना त्याच्यावरून जायचं असतं, आणि तो शेवटचा किलोमीटर नवाच्या पुढचा. ते मला दगडानं खालीच सांगितलं होतं. म्हणून त्याच्याआधी अर्धा मिनिट थांबून मी आवळा खाल्ला.

याच रस्त्यानं १९११ साली तूर द फ्रान्स पहिल्यांदा गेली. तेव्हा हा कच्चा रस्ता होता आणि सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. एमिल जॉर्जे हा सायकलपटू पहिला माथ्यावर पोचला. ती शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांचं स्मारक पलीकडच्या अंगाला, बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी आहे. मी तिथे थांबून हात जोडले. पुष्कळ जण तिथे थांबतात.

आमच्यातली एक ताई व्हालोआरलाच थांबली. मांड्यांत इतके गोळे आले होते की तिला सायकलवरून उतरताही येईना. तिला मागे राहिलेल्यांची गाडी घ्यावी लागली. फ्रेंच लोक त्या गाडीला झाडूगाडी म्हणतात. तूरमध्ये ती १९१० पासून आहे. तिनं रात्री सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिते. खुर्ची दिली, पायांवर घोंगडी टाकली, गरम सूप हातात दिलं. तिची सायकल दोघांनी उचलून, चाक आकड्याला अडकवून, मध्ये गोणपाट घालून ठेवली, घासू नये म्हणून. एका म्हाताऱ्या बाईंनी फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणत तिच्या पोटऱ्या चोळून दिल्या. “मला वाटलं होतं बाजूला काढतील, ओझं झाल्यासारखं,” ती म्हणाली, “पण त्यांनी माझी वाटच पाहिली असावी असं वागवलं.”

गालिबिएवरून खाली येताना वाटेत अंधारे, ओले बोगदे लागतात आणि डावीकडे मेज शिखराची हिमनदी दिसते. गावात पोचले तेव्हा मुदत संपायला वीस मिनिटं उरली होती. त्या वेळेनंतर आल्प द्युएझच्या चढावर सोडत नाहीत. १३.८ किलोमीटर, सरासरी आठ टक्के, एकवीस वळणं. पहिले दोन-तीन किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास, तेही दीडशेहून अधिक किलोमीटर झालेल्या पायांनी. इथे प्रत्येक वळणाला क्रमांक आहे, खालून २१, वर १. प्रत्येक पाटीवर तूरचा त्या चढावरचा टप्पा जिंकलेल्याचं नाव. २१ वर फाउस्तो कॉप्पी, १९५२. वळणावर चढ जरा सपाट होतो, तेवढ्यात पाटी वाचता येते, आणि वाचून होईपर्यंत पुढचा तुकडा सुरू. मी वर पोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, उजेड भरपूर होता. काका माझ्यानंतर चाळीस मिनिटांनी आले. त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवणारी माणसं वळणावळणावर बसून होती. गावात जेवणाची वेळ टळून गेली होती तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे झोपलेलो असताना व्हालोआरला थांबलेली ताई एकटी उठून आल्प द्युएझ चढून आली. एकवीसच्या एकवीस पाट्यांचे फोटो तिच्याकडे आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बायकांच्या तूरचा शेवटचा टप्पा ग्लांदाँवरून जाऊन याच चढावर संपला. तेव्हा आम्ही तिघी तिच्या घरी जमून तो पाहत होतो. डेमी फॉलेरिंग टप्पा जिंकली आणि एकूण शर्यत मात्र चार सेकंदांनी कासिया निएवियादोमाकडे गेली. एवढ्या थोड्या अंतरानं तूर कधीच कुणी जिंकली नव्हती. चार सेकंद म्हणजे माझ्या गिअरवर पेडलचे चार फेरेही नाहीत. टीव्हीवर वळणाचा आकडा दिसला की ताई आधीच सांगायची, आता पुढे जरा सपाट आहे, आता पुन्हा उठतो. तिला तो रस्ता पाठ होता, कारण त्या रस्त्यानं तिला स्वतःबद्दल सगळं सांगितलं होतं.

आता माझं म्हणणं. आपल्या घाटांत हे करता येईल आणि करायला हवं. मला परदेशाचं कौतुक करायचं नाही. सह्याद्रीतला पावसानंतरचा ताम्हिणी मी आल्प्सच्या कुठल्याही खिंडीच्या बदल्यात देणार नाही. पण मेहनत करणाऱ्या, हळू जाणाऱ्या माणसाला त्या रस्त्यांवर मान आहे. आपल्या घाटांत त्याला तो नाही.

पहिली गोष्ट दगडांची. सिंहगडाच्या घाटाला नऊ-दहा दगड पुरतील. पसरणीला अकरा-बारा. दगड रोवायची पद्धत आपल्याकडे नाही असंही नाही. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या डोक्याचे दगड आपण लहानपणापासून पाहतो. त्यावर अंतर असतंच. त्याच्याखाली उंची आणि चढाचा आकडा, आणखी दोन ओळी, एवढंच घालायचं आहे. याचा फायदा फक्त सायकलवाल्याला होईल असंही कुणी समजू नये. पुढचा किलोमीटर दहा टक्के उतार आहे हे कळलं तर ऊसवाहतूक करणारा ट्रॅक्टरवालाही आधी गिअर उतरवेल. घाटात अडकलेला माणूस ‘सहाव्या दगडापाशी’ एवढं सांगू शकला तर रुग्णवाहिका त्याला शोधत फिरणार नाही. काकांच्या अपघाताच्या वेळी मी फोनवर ‘मोठ्या वळणाच्या खाली, वडाच्या अलीकडे’ असं सांगत होते. घाटात वडाची झाडं किती आहेत ते वाईकरांना विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. दगडानं टेम्पो थांबत नाही. आल्प्समध्ये उन्हाळ्यात काही ठरावीक सकाळी एखाद्या खिंडीचा रस्ता मोटारींना बंद ठेवून सायकलवाल्यांना देतात. आपल्याकडे महिन्यातून एक रविवार, पहाटे साडेपाच ते साडेआठ, एक घाट असा द्यावा. लगेच सांगतात, लोकांची गैरसोय होईल, गडावर दही-भाकरी विकणाऱ्यांनी काय करायचं, दुधाची गाडी कशी जायची. प्रश्न खरे आहेत. वर राहणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना पास द्यावा, रुग्णवाहिकेला कधीच अडवू नये, पावसाळ्यात दरडी पडतात ते महिने सोडून द्यावेत. विकणाऱ्या मावशींना मी स्वतः विचारलं आहे. सायकलवाले पोटभर खातात आणि गाडीतून आणलेला डबा उघडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. आल्प द्युएझ मुळात बर्फावर घसरण्याच्या खेळाचं गाव. उन्हाळ्यात तिथली हॉटेलं सायकलवाल्यांनी भरतात.

आणि रस्ता मोटारींना बंद ठेवणं आपल्याला नवं नाही. माथेरानला पिढ्यान्‌पिढ्या गाड्या दस्तुरीच्या नाक्याला थांबतात आणि लोक पायी वर जातात. त्यामुळे माथेरान ओस पडलेलं नाही. मुंबईत २०२२ साली पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते वाहनांना बंद करून मुलांना आणि सायकलींना दिले होते. सिंहगडाला तर नाका आधीपासूनच आहे. नवं काही उभारायचं नाही, तीन तास दांडी खाली ठेवायची आहे.

आपल्याच सायकलवाल्यांनाही एक सांगायचं आहे. परदेशातल्या अवघड फेरीला जाणारे क्लब आता पुण्या-मुंबईत, नाशकात बरेच आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याला हे जमतं हे सगळ्यांना कळलं आहे. जरूर जा. पैसे साठवा, तयारी करा, जा. पण परत आल्यावर फक्त पदकाचा फोटो दाखवू नका. तिथे रस्त्यानं तुम्हाला कसं वागवलं ते इथे सांगा, आपल्या ग्रामपंचायतीला, आपल्या बांधकाम खात्याच्या अभियंत्याला. आपण तिथून काय पाहून आलो हे त्यांना आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. गेल्या थंडीत माझ्या अकरावीच्या बारा मुलामुलींना घेऊन मी सिंहगडाचा घाट नाक्यापासून गाडीतळापर्यंत पायी मोजला. टेप, जीपीएस यंत्र आणि पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी, एवढंच सामान. तीन रविवार लागले. दर किलोमीटरचा चढ, उंची आणि उरलेलं अंतर वहीत आहे, दोनदा पडताळलेलं. काकांनी दगडांसाठी पांढरा आणि पिवळा रंग आणून ठेवला आहे. वनखातं आणि सार्वजनिक बांधकाम खातं या दोघांकडे अर्ज दिला आहे. मोजणीची वही आम्ही फुकट देऊ, रंगवायचं कामही आम्ही करू. फक्त परवानगीचं एक पत्र हवं आहे.